समुद्र जुलैत जागेवर नसतो

माझ्या इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावर, माझ्याबद्दल दोनच गोष्टी लिहिल्या आहेत. एक, मी नवऱ्याची आश्रित आहे. दोन, मला काम करण्याची परवानगी नाही. वनस्पतिशास्त्रातली एम.एस्सी., त्यानंतर रत्नागिरीच्या कॉलेजात आठ वर्षं शिकवणं आणि ऐन विशीतली दोन वर्षं जैतापूरच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभं राहून तिवराची मुळं मोजणं, हे सगळं त्या कार्डावर मावलं नसावं. कार्ड लहान असतं.

नवरा मूळचा नाशिकचा, पंपांचा आणि पाइपांचा इंजिनीअर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्याचा इकामा अजून तिथलाच आहे. राबिघपासून गाडीने तासाभरावर, तांबड्या समुद्राच्या काठी तिची वसाहत आहे. एकसारखी घरं, एकसारखी बोगनवेल, एक पोहण्याचा तलाव आणि कुंपणापलीकडे खराखुरा समुद्र. लोक तलावात पोहतात.

आम्ही तिथे गेलो त्या वर्षी जानेवारीत प्रत्येक घरी एक पिशवी आली. तिच्यात हिरवा टी-शर्ट, हिरवी टोपी आणि निमंत्रण होतं. शनिवारी सकाळी सहकुटुंब खारफुटी लावायला या, न्याहारीची सोय केली आहे. टी-शर्टवर अरबीत आणि इंग्रजीत 'मी समुद्राचा मित्र' असं छापलेलं होतं. माझ्या वाट्याला आलेल्या टी-शर्टात मी आणि मुलगी दोघी मावलो असतो. समुद्राच्या मैत्रिणीचं माप कुणी विचारलं नव्हतं.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिने विचारलं, "आई, डू वी हॅव टू गो?"

"खारफुटी आहे. माझा विषय आहे तो."

"तुझा सब्जेक्ट तर मॅथ्स आहे ना? रोज मॅथ्सच शिकवतेस."

तेही खरंच होतं.

शनिवारी किनाऱ्यावर मोठा तंबू उभारलेला होता. आत गालिचे, खजूर, काहवा आणि आमच्यासारख्यांसाठी वेगळ्या टेबलावर समोसे. किनाऱ्यावर निळ्या दोऱ्या ताणून ओळी आखल्या होत्या, आणि दर दीड मीटरवर एक खड्डा तयार होता. आम्ही फक्त पिशवी फाडायची, रोप ठेवायचं, वाळू लोटायची आणि हसायचं. प्रत्येक रोपाजवळ लाकडाची एक पट्टी खोचायची होती. तिच्यावर त्या त्या कुटुंबाचं नाव अगोदरच रंगवून ठेवलं होतं. मुख्य पाहुण्यांनी पांढरे हातमोजे घालून पहिलं रोप लावलं आणि समुद्रापासून चार पावलांवर उभं राहून त्याला झारीने पाणी घातलं. फोटो तीनदा काढावा लागला, कारण दोनदा त्यात समुद्र आला नाही.

मी सवयीने चपला काढल्या. खारफुटीत उतरायचं तर चपला काठावर ठेवायच्या, एवढं अंगात भिनलेलं आहे. पण इथे पाय रुतेचना. टाच आपटली तरी रुतेना. घट्ट, स्वच्छ, पांढरी वाळू. फिरायला उत्तम.

आमच्या ओळीवर फावडं घेऊन एक माणूस उभा होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा, उन्हाने रापलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला. खड्डे खणायला कामगारांच्या कॅम्पातून आणलेल्या माणसांपैकी. कारखान्यात तो पाइपफिटर होता, पण त्या दिवशी समुद्राचा मित्र होता. टी-शर्ट मात्र त्याला दिला नव्हता. मी वाळूवर टाच आपटत होते ते तो बघत होता. मी नवऱ्याला मराठीत म्हणाले, "अरे, इथे काही जगायचं नाही." तेव्हा तो फावडेवाला दबक्या आवाजात म्हणाला, "वयनी, हय चिखल खंय आसा? ही तर चौपाटी."

"कुठले तुम्ही?"

"देवगड. खाडीच्या तोंडार घर आमचा."

"मग सांगितलं नाहीत कुणाला?"

"माका कोण इचारता?" असं म्हणून त्याने पुढच्या खड्ड्यातली वाळू उपसली. त्याला खड्डे विचारले होते, ते त्याने सरळ रेषेत खणून दिले होते.

मला तर तेवढंही कुणी विचारलं नव्हतं. तरी मी पर्यावरणप्रमुखांना गाठलं. लखनौकडचे अतिशय सभ्य गृहस्थ. आवाज कधी चढायचा नाही आणि हातातली फाइल कधी उघडायची नाही. मी हिंदीत सांगितलं की ही जागा खारफुटीची नाही, खारफुटीला चिखल लागतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, जीपीएस से पॉइंट लिए हैं. बाहर से कन्सल्टंट आए थे."

"कब आए थे?"

"दिसंबर में. मौसम बहुत अच्छा था."

मग त्यांनी मला समोसा घ्यायचा आग्रह केला. मी घेतला. समोसा चांगला होता.

मार्चपर्यंत रोपं हिरवी होती. संध्याकाळी फिरताना पर्यावरणप्रमुख भेटले की लांबूनच ओळींकडे हात करायचे. मलाही वाटायला लागलं, आपलंच चुकलं असेल. कोकणातलं शास्त्र कोकणापुरतं असेल. एप्रिलात पानं पिवळी पडली. मेमध्ये पर्यावरणप्रमुखांनी फिरायची वेळ बदलली.

जूनमध्ये शाळा सुटल्या की वसाहत ओस पडते. सगळे आपापल्या गावी जातात. त्या वर्षी आम्ही तिघंच राहिलो. नवऱ्याच्या प्लांटचं शटडाउन पुढे ढकललं गेलं आणि मुलीच्या नव्या पासपोर्टात जन्माचा महिना चुकला. तो दुरुस्त होईपर्यंत हलायची सोय नव्हती. दिवसभर एसीत बसायचं आणि पहाटे पाचला, हवा श्वास घेण्याजोगी असते तेवढ्यात, मायलेकींनी किनाऱ्यावर चक्कर मारायची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडलो आणि समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण लांब एक निळी रेघ होऊन बसला होता. जानेवारीत जिथे पाण्याची कड होती तिथून मी पावलं मोजत चालले. एकशे चाळीस भरली. मधल्या जमिनीवर मिठाची खपली धरली होती, पावलाखाली पापडासारखी मोडत होती. तिच्या अलीकडे, निळ्या दोरीच्या ओळीत, एकमेकांपासून दीड-दीड मीटरवर, सगळी रोपं उभी होती. काड्या झालेली. प्रत्येक काडीशेजारी एका कुटुंबाचं नाव. ओळी इतक्या शिस्तीत होत्या की बघणाऱ्याला ते कबरस्तानच वाटलं असतं.

मुलीने आमचं आडनाव शोधून काढलं. काडीला हात लावला, तर ती तिच्या हातातच आली.

"आई, वी किल्ड इट."

मी म्हणाले, आपण नाही. पण तिने ती काडी घरी आणली आणि अभ्यासाच्या टेबलावर ठेवून दिली.

खरं सांगायचं तर त्या सकाळी मला माझीच जास्त लाज वाटली. मी चिखलाचं बोलत बसले होते, पाण्याचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कोकणात समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो. त्याच्या वेळेवर बायका खाडीत उतरतात, होड्या निघतात. इथे रोजची भरती जेमतेम वीतभर. म्हणून मी गृहीत धरलं होतं की हा समुद्र काही हलत नाही. मला निसर्गातलं कळतं, अशा समजुतीत मी सहा महिने पर्यावरणप्रमुखांना हसत होते, आणि एवढा मोठा समुद्र नाकासमोरून निघून गेला तो मला दिसला नव्हता.

मला शिकवलं एका उंटवाल्याने. पांढऱ्या दाढीचा, भटक्या बद्दू जमातीतला म्हातारा, मळकट थोब घातलेला, जुन्या पिकअपला टेकून चहा पीत उभा होता. त्याचे पाचसहा उंट मिठावरून रमतगमत चालले होते. तो माझ्याशी हिंदी बोलतोय अशी त्याची समजूत होती आणि मी त्याच्याशी अरबी बोलतेय अशी माझी. मी लांबच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"सैफ, बहर रूह," तो म्हणाला. उन्हाळ्यात समुद्र जातो. मग हाताने आपल्या पायाशी आणून दाखवलं. "शिता, बहर यिजी." हिवाळ्यात येतो.

"हर साल?"

"हर साल. मेरा बाबा टाइम, बाबा का बाबा टाइम."

म्हणजे इथली भरती वर्षातून एकदा येते. हिवाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली. सपाट किनाऱ्यावर तेवढी वीत-दीड वीत शंभर-दीडशे पावलांची होते. आणि आमचे कन्सल्टंट, आमचे पाहुणे, आमचे समोसे, सगळे हिवाळ्यात येतात, कारण मौसम अच्छा असतो. समुद्र हजर असताना सगळे हजर. तो जातो तेव्हा सगळे गावाला. या किनाऱ्यावर खारफुटी लावणाऱ्यांपैकी एकानेही जुलैतला समुद्र बघितलेला नव्हता.

मी काड्यांकडे हात केला. म्हातारा हसला. "शूरा," तो म्हणाला. तिवराला त्यांच्याकडे शूरा म्हणतात. मग त्याने दक्षिणेकडे हात केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडे गेलो. किनारा आत वळून एक उथळ आखात तयार झालं होतं, आणि त्याच्या तोंडाशी जुन्या तिवरांची पंधरावीस झाडं होती. कंबरेपर्यंत वाढलेली, उंटांनी शेंडे ओरबाडलेली. मी पान उलटं करून चाटलं. खारट. मुलगी म्हणाली, "छी." मी म्हणाले, "तूही चाट." तिने चाटलं आणि दुसरं पान शोधायला गेली. झाडांच्या पुढे, जुलैतसुद्धा, जमीन काळी आणि ओली होती. मी पाय ठेवला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. कॉलेज सोडल्यापासून मला एवढा आनंद झाला नव्हता. मी घरून लादी पुसायच्या दांड्याचे तुकडे आणले आणि ओल्या चिखलाच्या हद्दीवर खोचून ठेवले.

सप्टेंबरात वसाहत भरली. मी दोन पानी टिपण लिहिलं, नकाशा काढला, जुलैतले फोटो लावले आणि नवऱ्याबरोबर पर्यावरण विभागाला पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, तीन शब्दांचं. 'नोटेड विथ थँक्स.' त्याच महिन्यात कंपनीच्या पत्रिकेत पांढऱ्या हातमोज्यांचा फोटो आला आणि खाली किती रोपं लावली त्याचा आकडा. किती जगली त्याचा रकाना नव्हता. नवरा म्हणाला, "फॉर्ममध्येच नसेल." तो या कंपनीत बरीच वर्षं आहे.

पुन्हा जानेवारी आला. पुन्हा पिशवी, टी-शर्ट, टोपी. पुन्हा तीच जागा. या खेपेला फावड्यांचं काम कमी होतं, कारण जुन्या काड्या उपटल्या की खड्डा तयार. पट्ट्या तेवढ्या नव्या रंगवलेल्या. देवगडचे ते पाइपफिटर, आता आमचे फिटरदादा, ओळीच्या टोकाला उभे होते. मी त्यांना जुलैतले फोटो दाखवले. एकेक बोटांनी मोठा करून त्यांनी बघितला.

"आता काय करूया?" मी विचारलं.

त्यांनी तंबूच्या मागे मान वळवली. तिथे प्लास्टिकच्या क्रेटांमध्ये चाळीसेक रोपं उरली होती. पाहुणे लवकर उठले, म्हणून ती लावायचीच राहिली होती. सफाईवाले ती कचऱ्याच्या गाडीत टाकणार होते. कचऱ्यातून उचलण्याला चोरी म्हणत नाहीत, असं माझ्या नवऱ्याने स्वतःला समजावलं आणि क्रेट आमच्या गाडीच्या डिकीत ठेवले.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं त्या आखातात उतरलो. हिवाळ्यातलं पाणी गुडघ्याच्या वर होतं. दांड्यांचे तुकडे पाण्याखाली गेले होते, ते पायांनी चाचपून शोधावे लागले. सगळ्यात खालच्या खुणेवर लावली असती तर कोवळी रोपं हिवाळाभर बुडून राहिली असती. म्हणून आम्ही थोडं वर, जुन्या झाडांच्या रांगेलगत लावायचं ठरवलं. शेंडे पाण्याबाहेर, आणि उन्हाळ्यात खाली ओल. पँट दुमडून उभा असलेला नवरा म्हणाला, "मला नाशिकला असल्या चिखलात कुणी घातलं नव्हतं." फिटरदादा हसले. "पाय घुसता मां, सायेब? मग जागा बरी आसा." त्यांनी पहिलं रोप लावलं ते नुसत्या हाताने. चिखलात मूठ घातली, बाहेर काढली, आत रोप, वरून दोन बोटांनी दाब. किती सोपं करून टाकलं. गेली वीस वर्षं हा माणूस पाइप जोडत होता, आणि हाताला मात्र चिखलच आठवत होता.

एकेचाळीस रोपं लावून झाली आणि वर रस्त्यावर एक जीप थांबली. किनारारक्षक. दोन जवान उतरले. इकामा, इकामा. फिटरदादांनी चिखलाचे हात न पुसताच कार्ड काढून पुढे केलं. कॅम्पातल्या माणसाला इकामा मागितला की आधी घर आठवतं. त्यातला थोरला जवान विचारू लागला, पाण्यात काय टाकताय? जाळं आहे का? मी म्हणाले, शूरा लावतोय. त्याने विचारलं, कुठल्या परवानगीने? सगळ्या देशात झाडं लावा म्हणून फलक लावलेले आहेत, त्या फलकांखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आम्ही कधी वाचलं नव्हतं. त्याने शांतपणे चारही कार्डांचे फोटो काढले. "खलास. यल्ला, घरी जा," म्हणाला. वागणुकीत उद्धटपणा नव्हता. जाताना त्याने एका रोपाला बुटाचा धक्का लागू नये म्हणून पाय उचलून ठेवला, ते मी बघितलं.

रविवारी नवऱ्याला ऑफिसात बोलावलं. कागद तयार होता. 'संबंधितांच्या आश्रित व्यक्तीने पूर्वपरवानगीशिवाय किनारी क्षेत्रात वनस्पतींची लागवड केली.' भिंतीवर, नवरा सांगत होता, झाडं लावण्याचं पोस्टर होतं. त्याने सही केली आणि घरी येऊन मला म्हणाला, "अभिनंदन. तुझं काम पहिल्यांदा कंपनीच्या रेकॉर्डवर आलं." मी हसले, पण मला फिटरदादांची काळजी होती. ती खरी ठरली. दोन आठवड्यांनी त्यांची बदली रास तनुराच्या बाजूला, देशाच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्रावर झाली. कारण म्हणे तिकडे माणसं कमी होती. असतीलही. निघायच्या आदल्या शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला आले. मी सोलकढी केली होती, गावाहून आणलेली शेवटची आमसुलं घालून.

मी म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे."

"तसा कायएक नाय, वयनी. पाइप थंयय आसत." मग ताट उचलता उचलता म्हणाले, "उंटांका बघा तेवढा."

उंटांचं त्यांना आधीच कळलं होतं. मार्चमध्ये मी बघते तर आठ रोपांचे शेंडे गायब. म्हाताऱ्याला गाठलं आणि तक्रार केली. तो म्हणाला, जमल खाना खाएगा, क्या करेगा? जमल म्हणजे उंट. मी म्हणाले, तुम्हीच तर जागा दाखवलीत. त्याने विचार केला. "कितना महिना?" मी म्हणाले, एक साल. त्यावर तो हसतच सुटला. माझ्या अरबीला की मागणीला, कळलं नाही. पण त्यानंतर उंट मला आखाताच्या पलीकडच्या बाजूला दिसायला लागले. कुठलाही फॉर्म न भरता या किनाऱ्यावर घेतला गेलेला पर्यावरणाचा तो एकमेव निर्णय.

त्या उन्हाळ्यात आम्ही रत्नागिरीला गेलो. रास तनुराहून फिटरदादांचे आवाजी निरोप यायचे. "वयनी, हय दर्या दिसाक दोनदा येता-जाता. दर्या आसा तर असो." तिकडचीही तिवरं त्यांनी शोधून काढली होती. सुटीच्या दिवशी लांबून बघून येत. लांबूनच, कारण मधे कुंपण होतं.

सप्टेंबरात विमानातून उतरलो आणि दुसऱ्या सकाळी सामान न उघडता तिघंही आखातावर गेलो. मुलगी पुढे धावली आणि मोजायला लागली. एकोणीस. एकेचाळीसपैकी एकोणीस जिवंत होती, काहींना नवी पानं होती, चकचकीत, जाड. कंपनीच्या ओळींमध्ये नेहमीप्रमाणे एकही नव्हतं. नवरा एकोणीस झाडांसमोर उभा राहून म्हणाला, "निम्मीसुद्धा नाहीत की." इंजिनीअर आहे तो. मी म्हणाले, "खारफुटीत हे डिस्टिंक्शन आहे." मग तोही खाली बसून पानं बघायला लागला.

पुढचा पाहुणा आमच्या दाराशीच आला. ऑक्टोबरात एका संध्याकाळी पर्यावरणप्रमुख खजुरांचा डबा घेऊन घरी आले. ड्रोनने किनाऱ्याचे फोटो काढले होते. त्यात सगळीकडे पांढरं आणि दक्षिणेला एक हिरवा ठिपका. वरून विचारणा झाली होती की हे यश कशामुळे. त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर फाइल उघडली. आत माझं दोन पानी टिपण होतं, घडीसुद्धा न मोडलेलं.

"मॅडम, इस बार कहाँ लगाना है?"

खरं तर मला टोचून बोलायचं होतं. वर्षभर मी मनात वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. पण त्यांचा चेहरा परीक्षेआधीच्या विद्यार्थ्यासारखा झाला होता, आणि तसल्या चेहऱ्यांसमोर मी आठ वर्षं उभी राहिलेली आहे. मी म्हणाले, "आत्ता नाही सांगणार. जुलैत माझ्याबरोबर या, मग सांगते."

"जुलाई में तो मैं लखनऊ में होता हूँ."

"म्हणूनच."

त्या जानेवारीत कार्यक्रम रद्द झाला. तांत्रिक कारणं. टी-शर्ट मात्र आले, कारण छापून झाले होते.

जुलैत ते खरंच थांबले. पहाटे पाचला फाटकाशी हजर, पॉलिश केलेले बूट घालून. ओळींच्या जागी उभे राहिले आणि लांबच्या निळ्या रेघेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आठ साल हो गए यहाँ." आखातावर मी त्यांना बूट काढायला सांगितलं, त्यांनी नको म्हटलं. चौथ्या पावलाला उजवा बूट चिखलातच राहिला. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तो बाहेर काढला, आणि त्या अवस्थेत मी पहिल्यांदा त्यांना मोकळेपणाने हसताना बघितलं. दोन तास आम्ही खुणा लावल्या. या वेळी त्यांच्याकडे परवानगीचा कागद होता. तो त्यांनी एका जुन्या झाडाच्या फांदीला अडकवून ठेवला होता.

पुढच्या लागवडीतली निम्म्याहून जास्त झाडं जगली. फॉर्ममध्ये जगलेल्यांचा रकाना आला, तो त्यांनी भांडून घालून घेतला म्हणतात. आखाताला कुंपण पडलं, फाटक बसलं. फलक लागला. फलकावर कंपनीचं नाव आहे, विभागाचं आहे, रंगाच्या कंत्राटदाराचंसुद्धा कोपऱ्यात आहे. माझं असायचं कारण नाही, मला कामाची परवानगी नाही. वार्षिक समारंभात पर्यावरणप्रमुखांनी पडद्यावर चित्रं दाखवून सगळ्यांना समजावलं की तांबडा समुद्र उन्हाळ्यात मागे हटतो, आणि ही गोष्ट आपल्या विभागाच्या दीर्घ निरीक्षणातून पुढे आली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मुलगी माझ्या कानाशी वाकून मराठीत म्हणाली, "आई, हे तर तू सांगितलंस ना?" तिला मराठी येतं, वापरत नाही एवढंच.

कार्यक्रम संपल्यावर ते आमच्या टेबलाशी आले. त्यांनी खिशातून एक पास काढून माझ्या हातात दिला. कुंपणाच्या फाटकाचा. महिन्यातून एकदा, सकाळी सहा ते आठ. माझ्या नावापुढे हुद्दा लिहिला होता, 'अभ्यागत'.

"इससे ज़्यादा नहीं हो पाया, मॅडम," ते म्हणाले.

हे मात्र ते मनापासून म्हणत होते, एवढं मला कळलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी जाते. फाटकावरचा रखवालदार माझ्या पासकडे, मग चिखलाने भरलेल्या कपड्यांकडे बघतो आणि दरवेळी तारीख तपासतो. गेल्या महिन्यात जुन्या एकोणीसांपैकी तीन झाडांच्या भोवती जमिनीतून पेन्सिलीच्या टोकांसारखी श्वासमुळं वर आलेली दिसली. आठ-दहा असतील. मी फोटो काढून रास तनुराला पाठवला. फिटरदादांचं उत्तर दुपारच्या सुटीत आलं, मागे यंत्रांचा आवाज होता. ते विचारत होते, मुळां किती लांब गेली, बोटानी मापून सांगा. मी मापलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी पास चालत नाही. त्यामुळे त्यांना महिनाभर थांबायला सांगितलं आहे.